शेवटी सेव्ह करील त्याचं खरं?

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्या सरांनी आयुष्यभर डेटाबेस हा विषय शिकवला. एखाद्या विद्यार्थ्याचा प्रोग्रॅम नीट चालला, की शाबासकी देण्याआधी सर त्याला विचारायचे, हेच काम दोघांनी एकदम केलं तर काय होईल. बहुतेकांची बोलती तिथेच बंद व्हायची. आज मी तोच प्रश्न घेऊन उभा आहे. विषय तांत्रिक आहे, पण समोर बसलेल्यांपैकी जे प्रोग्रॅमर नाहीत त्यांनी धास्तावण्याचं कारण नाही. दवाखाना असो, पतपेढी असो की शाळेचं कार्यालय, एका नोंदीवर दोन हात फिरतात तिथे हा प्रश्न येतोच.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. दोघांनी एकच नोंद एकाच वेळी बदलायला घेणं यात गैर काही नाही. चार माणसं एकत्र काम करू लागली की ते होणारच. गैर आहे ते एकाचं काम कुणालाही न कळता पुसलं जाणं. आणि मुद्दाम काळजी घेतली नाही, तर साधं सरळ बांधलेलं वेब ॲप्लिकेशन नेमकं हेच करतं.

एका रुग्णालयातला प्रसंग कल्पून पाहू. सकाळी ११ वाजून ५ मिनिटांनी नोंदणी खिडकीवरच्या बाई एका पेशंटचं रेकॉर्ड उघडतात. त्याचा मोबाइल नंबर बदलायचा आहे. तेवढ्यात फोन वाजतो आणि रेकॉर्ड स्क्रीनवर तसंच उघडं राहतं. ११ वाजून १० मिनिटांनी वॉर्डातल्या सिस्टर आपल्या कॉम्प्युटरवर तेच रेकॉर्ड उघडतात, ॲलर्जीच्या रकान्यात ‘पेनिसिलिन’ लिहितात आणि सेव्ह करतात. ११ वाजून २० मिनिटांनी खिडकीवरच्या बाई फोन ठेवतात, नंबर बदलतात, सेव्ह दाबतात. त्यांच्यासमोरचा फॉर्म ११ वाजून ५ मिनिटांचा आहे आणि त्यात ॲलर्जीचा रकाना रिकामा आहे. सेव्ह दाबल्यावर बदललेला रकाना तेवढा जात नाही, बहुतेक ॲप्लिकेशन्समध्ये अख्खा फॉर्म सर्व्हरकडे जातो. तो रिकामा रकाना ‘पेनिसिलिन’वर जाऊन बसतो. दोघींनाही हिरव्या पट्टीत ‘माहिती यशस्वीरीत्या जतन झाली’ असा निरोप मिळतो. कुठे एरर नाही, लॉगमध्ये खोट नाही, कुणाची चूकही नाही. फक्त पेशंटची ॲलर्जी रेकॉर्डवरून गेलेली आहे.

डेटाबेसच्या पुस्तकांत याला ‘लॉस्ट अपडेट’ म्हणतात. यावर पहिली शंका हमखास येते, की एवढे मोठे डेटाबेस असतात, ते हे सांभाळत नाहीत का? सांभाळतात, पण त्यांच्या मर्यादेत. १९७६ साली आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेतले ईश्वरन, ग्रे, लॉरी आणि ट्रेगर या चौघांनी एक निबंध प्रसिद्ध केला. अनेक व्यवहार एकाच डेटावर चालू असले, तरी निकाल मात्र ते एकामागून एक झाल्यासारखाच लागावा, यासाठी कुलपं कधी लावायची आणि कधी काढायची याचे नियम त्यात मांडले होते. त्यांतल्या जिम ग्रे यांना पुढे १९९८ साली ट्युरिंग पुरस्कार मिळाला. आज बँकेत पैसे इकडून तिकडे जातात, त्यामागे ट्रान्झॅक्शनची हीच विचारसरणी आहे.

पण डेटाबेसचं ट्रान्झॅक्शन काही मिलिसेकंदांचं असतं. खिडकीवरच्या बाईंनी रेकॉर्ड उघडलं तेव्हा एक ट्रान्झॅक्शन सुरू झालं आणि पान दिसताक्षणी संपलं. पंधरा मिनिटांनी सेव्ह दाबलं तेव्हा दुसरं सुरू झालं. मधल्या पंधरा मिनिटांत फोन झाला, विचार झाला, चहा झाला, आणि डेटाबेसला त्याचा पत्ताही नाही. त्यात वेबचा एचटीटीपी हा प्रोटोकॉल मुळातच विसरभोळा. मागची विनंती कुणाची होती हे तो लक्षात ठेवत नाही. पान उघडून बसलेला माणूस अजून समोर आहे की लॅपटॉप मिटून घरी गेला, हे सर्व्हरला कळत नाही. म्हणून ‘आम्ही ट्रान्झॅक्शन वापरतो’ हे उत्तर या प्रश्नाला पुरत नाही. अनुभवी प्रोग्रॅमरही इथे चकतात.

मग रेकॉर्ड उघडलं की त्याला कुलूपच लावलं तर? ही पहिली वाट. दुसऱ्याने उघडायला घेतलं की ‘हे रेकॉर्ड सध्या अमुक यांच्याकडे उघडं आहे’ असं सांगायचं. ऐकायला सोपं आहे. प्रोग्रॅमर मंडळींनी स्वतःच्या कामात ते करून पाहिलं आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी आरसीएस नावाची प्रणाली बांधली. तिच्यात प्रोग्रॅमची फाइल बदलायची तर आधी ती कुलूप लावून घ्यायची, म्हणजे बाकीच्यांना हात लावता येत नसे. चोख व्यवस्था, पण कुलूप लावणारा माणूस चोख असेल तरच. तो किल्ली खिशात घालून सुट्टीवर गेला की सगळं खोळंबलं.

ॲमस्टरडॅमच्या फ्राय विद्यापीठातल्या डिक ग्रून यांची अडचण हीच होती. १९८४-८५ मध्ये ते आणि त्यांचे दोन विद्यार्थी मिळून सी भाषेचा एक कंपायलर लिहीत होते. एक विद्यार्थी नऊ ते पाच काम करणारा, दुसऱ्याच्या वेळेचा काही भरवसा नाही, आणि ग्रून यांना फक्त संध्याकाळ मोकळी. तिघांच्या वेळा जुळत नसताना एकाने दुसऱ्यासाठी फाइल सोडून ठेवायची म्हणजे काम ठप्प. मग त्यांनी कुलपाची अटच काढली. ज्याने त्याने आपल्या प्रतीवर काम करावं आणि परत जमा करताना, मध्ये कुणी काही बदललं असेल तर ते आधी आपल्या प्रतीत मिळवून घ्यावं. त्यासाठी लिहिलेले छोटे प्रोग्रॅम त्यांनी १९८६ साली सर्वांसाठी खुले केले. पुढे जगभर वापरली गेलेली सीव्हीएस ही प्रणाली त्यातूनच वाढली. २००५ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी लिहिलेलं गिट अंतर्रचनेत अगदी वेगळं आहे, पण आधी काम करा आणि जमा करताना मेळ घाला, ही रीत त्यातही आहे.

डेटाबेसच्या दुनियेत हाच विचार १९८१ साली एच. टी. कुंग आणि जॉन रॉबिन्सन यांनी मांडला. त्याला ‘ऑप्टिमिस्टिक’ म्हणजे आशावादी पद्धत म्हणतात. टक्कर बहुतेक वेळा होत नाही, म्हणून आधीपासून कुणाला अडवू नका. शेवटी तपासा, आणि टक्कर झालीच असेल तर एकाला परत पाठवा, असा तिचा रोख.

वेब ॲप्लिकेशनमध्ये ही पद्धत आणायला फारसं काही लागत नाही. प्रत्येक नोंदीला एक आवृत्ती क्रमांक द्यायचा. खिडकीवरच्या बाईंनी रेकॉर्ड उघडलं तेव्हा तो ७ होता, आणि तो फॉर्मबरोबर त्यांच्या ब्राउझरमध्ये गेला. सिस्टरनी सेव्ह केलं, क्रमांक ८ झाला. आता बाईंनी सेव्ह दाबलं की डेटाबेसला सांगायचं, हा पेशंट आणि क्रमांक अजून ७ असेल तरच बदल कर आणि क्रमांक ८ कर. डेटाबेस उत्तर देतो, शून्य ओळी बदलल्या. सगळी मेख या शून्यात आहे. एक ओळ बदलली तर काम झालं, शून्य बदलल्या तर मध्ये कुणीतरी येऊन गेलं. अट घातली आणि उत्तरातला आकडा वाचलाच नाही, तर हिरवी पट्टी पुन्हा झळकते आणि या वेळी बाईंचा नंबर गडप होतो. आधी क्रमांक वाचायचा, तो जुळला तर नंतर लिहायचं, असं दोन पायऱ्यांत केलं तरी मधल्या फटीत तिसरा शिरतो. तपासणं आणि लिहिणं एकाच आज्ञेत व्हायला हवं. काहीजण क्रमांकाऐवजी शेवटच्या बदलाची वेळ तपासतात. पण वेळ सेकंदापर्यंतच नोंदवली असेल आणि एकाच सेकंदात दोन बदल झाले, तर तिथेही फसगत होते. साधा वाढत जाणारा आकडा बरा.

रुबी ऑन रेल्स वापरणाऱ्यांनी टेबलात ‘लॉक व्हर्जन’ नावाचा रकाना ठेवला की हे काम ते फ्रेमवर्क करतं. जावामध्ये हायबरनेटलाही तशी खूण करता येते. वेबच्या प्रोटोकॉलमध्येही सोय आहे. १९९७ सालच्या एचटीटीपी १.१ मध्ये ‘ईटॅग’ आला. सर्व्हर पानाबरोबर एक खूण देतो, ब्राउझरने बदल पाठवताना ‘ही खूण अजून तीच असेल तरच’ असं म्हणायचं, आणि ती बदललेली असेल तर सर्व्हर ४१२ क्रमांकाचं उत्तर देऊन नकार कळवतो. २०१२ साली ४२८ हे उत्तरही प्रमाणित झालं. त्याचा अर्थ, अट घातल्याशिवाय मी तुमचा बदल घेणारच नाही. म्हणजे उपाय जुने आहेत, फुकट आहेत आणि हाताशी आहेत. तरी ते वापरले जात नाहीत, कारण प्रोग्रॅम लिहिणारा आणि तपासणारा, दोघेही आपापल्या जागी एकटे बसून तो चालवून बघतात.

याचा अर्थ कुलूप वाईट असा मुळीच नाही. सकाळी तत्काळच्या तिकिटासाठी हजारो माणसं एकाच गाडीवर तुटून पडतात, तिथे बर्थ एक आणि मागणारे अनेक. तिथे दोघांच्या मागण्यांचा मेळ घालता येत नाही. एकाला मिळणार, दुसऱ्याला नाही. अशा ठिकाणी क्षणभराचं कुलूप किंवा ‘शिल्लक शून्याहून जास्त असेल तरच एक वजा कर’ अशी एकसंध आज्ञाच हवी. मोठा करारनामा, ज्याच्यावर एकजण दोन तास बसणार, तिथेही कुलूप योग्य, फक्त त्याला मुदत हवी आणि ते कुणी लावलं हे दिसायला हवं.

आता जरा अवघड भागाकडे येऊ. कुणी म्हणेल, अख्खा फॉर्म कशाला पाठवता, बदललेला रकाना तेवढाच पाठवा. फोन नंबर एकीने बदलला, ॲलर्जी दुसरीने लिहिली, दोन्ही राहतील. बरोबर आहे, आणि पुष्कळ ठिकाणी एवढं पुरतं. पण असं समजा, की पेशंट एक लहान मूल आहे. सिस्टरनी वजन १८ किलोवरून १४ किलो असं दुरुस्त केलं. त्याच वेळी डॉक्टरांनी आपल्या स्क्रीनवरचे १८ किलो पाहून औषधाचा डोस लिहिला. रकाने वेगळे, म्हणून कॉम्प्युटरच्या मते टक्कर झालीच नाही आणि दोन्ही बदल सुखरूप जतन झाले. डोस मात्र चुकला. टक्कर रकान्यामध्ये नव्हती, अर्थामध्ये होती. कुठला रकाना कुठल्या रकान्याच्या भरवशावर भरला जातो, हे त्या कामातल्या माणसालाच ठाऊक असतं. ते त्याला विचारून घ्यावं लागतं.

हाच मुद्दा आणखी स्पष्ट दिसतो तो एकाच वेळी अनेकांना एकाच कागदावर लिहू देणाऱ्या साधनांत. गूगल डॉक्स आपण सगळेच वापरतो. त्यामागचं तंत्र १९८९ साली एलिस आणि गिब्ज यांनी मांडलं. तुम्ही पाचव्या जागी अक्षर घातलंत, मी त्याच वेळी दुसऱ्या जागचं खोडलं, तर तुमची पाचवी जागा माझ्याकडे चौथी होते. म्हणून प्रत्येक बदल दुसऱ्याकडे लागू करण्याआधी त्याची जागा सुधारून घ्यायची. वाटतं तितकं हे सोपं नाही. २००३ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी यातल्या प्रसिद्ध सूत्रांची यंत्राकरवी तपासणी केली, तेव्हा मूळ सूत्रांसह कित्येकांत त्यांना चुका सापडल्या. २०११ साली शापिरो आणि सहकाऱ्यांनी सीआरडीटी या नावाने वेगळी वाट दाखवली. तिच्यात डेटाची रचनाच अशी करायची, की बदल कुठल्याही क्रमाने पोचले तरी सगळ्यांच्या प्रती शेवटी एकसारख्याच होतात. मधे इंटरनेट गेलं तरी बिघडत नाही.

एकसारख्या होतात, हे खरं. बरोबर होतात का, ते पाहू. मंडळाच्या सूचनेत लिहिलं आहे, ‘सभा मंगळवारी आहे’. अध्यक्षांनी ‘मंगळ’ खोडून ‘बुध’ लिहिलं. नेमक्या त्याच क्षणी सचिवांनी ‘मंगळ’ खोडून ‘गुरु’ लिहिलं. यंत्र दोघांचाही मान राखतं. ‘मंगळ’ दोघांनीही खोडला, तो जातो. ‘बुध’ आणि ‘गुरु’ दोन्ही राहतात. सगळ्या सभासदांच्या मोबाइलवर एकसारखंच दिसतं, ‘सभा बुधगुरुवारी आहे’. सगळ्या प्रती जुळल्या आणि सभा कधी हे कुणालाच कळलं नाही. इथे निदान वाचणाऱ्याला गोंधळ दिसतो. तेच रकान्यात तारीख असती आणि शेवटी लिहिणाऱ्याची टिकली असती, तर निम्मी मंडळी बुधवारी येऊन परत गेली असती.

म्हणजे टक्कर झाली हे यंत्र ओळखू शकतं, प्रती जुळवूनही देतं, पण कुणाचं ठेवायचं हा निर्णय माणसांचा आहे. म्हणून निर्णयाची वेळ आली की तो माणसासमोर नीट मांडणं, हे प्रोग्रॅमरचं खरं काम. बऱ्याच ठिकाणी या घडीला ‘काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा’ एवढंच येतं, आणि मागे गेलं तर वीस मिनिटं टाइप केलेलं सगळं गेलेलं असतं. हे तर पुसण्याहून वाईट. विकिपीडियाने ही गोष्ट पुष्कळ बरी हाताळली आहे. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे. संपादन कार्यशाळेत एकाच लेखावर पाच-सहाजण बसतात, तेव्हा दोघांचे बदल लेखाच्या वेगवेगळ्या भागांत असतील तर ते सॉफ्टवेअर स्वतःच जुळवून घेतं. एकाच ओळीवर दोघे असतील तर थांबून सांगतं, की मध्ये दुसऱ्या कुणी संपादन केलं आहे. आताचा मजकूर हा, तुमचा हा, आता तुम्ही ठरवा. तुमचा शब्द हरवत नाही. ठरवण्यात चूक झाली तरी जुनी प्रत्येक आवृत्ती इतिहासात शाबूत असते.

जुनं न पुसता नवं लिहिणं आपल्याकडे नवीन नाही. सातबाऱ्यावर खातेदाराचं नाव बदलतं तेव्हा जुनं नाव खरवडून काढत नाहीत. त्याला कंस पडतो आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक येतो. तो क्रमांक धरून गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही पाहिली, की हा बदल कशाच्या आधारे झाला ते कळतं. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५० प्रमाणे नोंद धरल्यावर संबंधितांना नोटीस जाते, हरकत घेण्याची मुदत असते, हरकत आली तर ते प्रकरण वेगळ्या नोंदवहीत चढतं आणि निर्णय अधिकारी देतात. या व्यवस्थेत दिरंगाई आहे, इतर दोषही आहेत, ते आपण सगळे जाणतो. पण जमिनीच्या नोंदीवर दोन दावे येऊ शकतात हे गृहीत धरूनच ती बांधली आहे. नोटीस, हरकत, निर्णय आणि मागची नोंद शाबूत, या चारही गोष्टी तिच्यात कॉम्प्युटर येण्याच्या आधीपासून आहेत. वेब ॲप्लिकेशन बांधणाऱ्याला याहून वेगळं काही करायचं नाही. टक्कर झाल्याचं कळवा, दोघांचंही म्हणणं समोर ठेवा, ठरवण्याचा अधिकार कुणाचा ते आधी पक्कं करा, आणि हरलेलं म्हणणंही जपून ठेवा.

हल्ली हा प्रश्न वाढला आहे. मोबाइलवरचं ॲप रेंज नसताना भरलेली माहिती रात्री पाठवतं. काही फॉर्म न विचारता आपोआप सेव्ह होतात. आणि एकच माणूस दोन टॅबमध्ये तेच पान उघडून बसतो, तेव्हा तो स्वतःचंच काम स्वतः पुसतो. दुसरा माणूस असण्याचीही गरज उरलेली नाही. तेव्हा ‘आमच्याकडे वापरणारे थोडेच आहेत’ ही सबब चालणार नाही.

शेवटी समोर बसलेल्यांना एक विनंती करतो. तुमच्यापैकी कुणी दवाखान्याचे विश्वस्त असतील, कुणी पतपेढीच्या संचालक मंडळावर, कुणी शाळेच्या कार्यालयात. नवीन सॉफ्टवेअर दाखवायला कंपनीची माणसं येतील तेव्हा रंगीत आलेख नंतर पाहा. आधी दोन कॉम्प्युटर मागा आणि दोन्हीवर एकच रेकॉर्ड उघडा. पहिल्यावर एक बदल करून सेव्ह करा, मग दुसऱ्यावर दुसरा बदल करून सेव्ह करा. दुसऱ्या स्क्रीनवर काहीही न विचारता हिरवी पट्टी आली, तर पान पुन्हा उघडून पहिला बदल जागेवर आहे का ते पाहा. नसेल, तर ते सॉफ्टवेअर घेऊ नका. ही परीक्षा दोन मिनिटांची आहे आणि तिच्यासाठी प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही.